मागच्या सालचा आंबा

लच्छूच्या पोटातून हवा कधी सरते, याची वाट अख्खा वॉर्ड पाहत होता.

पोटाचं मोठं ऑपरेशन झालं की आतडं काही दिवस रुसून बसतं. रुसवा निघाल्याची खूण एकच, आणि ती चारचौघांत बोलण्यासारखी नाही. पण अहेरीच्या पुढे जंगलातल्या त्या लहानशा दवाखान्यात पुरुषांचा वॉर्ड एकच, खाटा दाटीनं लावलेल्या. तिथे चारचौघं टाळणार कुठे? डॉक्टर साधना रोज सकाळी लच्छूच्या खाटेशी येऊन विचारी, "बाबा, हवा सरली का?" आणि लच्छूनं तोंड उघडायच्या आत शेजारच्या खाटेवरचा झिंगू सांगून मोकळा होई, "नाई मॅडम. मी कान लावूनच हावो."

झिंगू धानाचा शेतकरी. बैलगाडीवरून पडून त्यानं मांडीचं हाड मोडून घेतलं होतं, आणि पायाला वजन टांगून त्याला उताणं निजवलं होतं. हलता येत नसे, म्हणून तो दुसऱ्यांच्या दुखण्यात लक्ष घाली.

लच्छूचं दुखणं जिवावरचं होतं. जांघेतला जुना हर्निया अडकला, आतडं पिळलं आणि काळं पडलं. दवाखान्याचे सर्जन प्रफुल सर यांनी तेवढा तुकडा काढून दोन्ही टोकं शिवली होती. आता लच्छूच्या नाकातून एक बारीक नळी पोटात गेली होती आणि तिचं दुसरं टोक खाटेला टांगलेल्या पिशवीत सोडलं होतं. पोटात साचेल ते या वाटेनं बाहेर पडावं, ताज्या सांध्यावर ताण येऊ नये, यासाठी. तोंडानं काही नाही, पाणीसुद्धा ओठ ओले करण्यापुरतं.

हे सगळं लच्छूनं निमूट सोसलं असतं. पण तो गावचा भूमिया, म्हणजे गावदेवाचा पुजारी होता, आणि दिवस आंब्याचे होते.

माडियांच्या गावात नवा आंबा आधी देवाला. मरका पंडुम, म्हणजे आंब्याचा सण, झाल्याशिवाय झाडाखाली पडलेली कैरीसुद्धा कोणी चाखत नाही. पूजा करायची भूमियानं, आणि पहिली फोड खायची तीही त्यानंच. मोहफुलं वेचून झाली होती, कैऱ्या भरल्या होत्या, आणि भूमिया नाकात नळी घालून अहेरीच्या पुढे पडला होता.

त्याचा पुतण्या पवन मोटरसायकलवर खबर घेऊन आला. लच्छू माडिया बोले, पण बाजारहाटाची मराठीही त्याला चांगली येई. साधना खाटेशी उभी होती म्हणून असेल, काका-पुतणे मराठीतच बोलले.

"काका, आंबे पडून राह्यले. लहान पोट्टे झाडाखाली बसून राह्यले," पवन म्हणाला. "गावचे लोक म्हणतात, येत्या बाजारानंतर थांबाचं नाई. नदीपलीकडच्या भूमियाले बोलवाचं."

लच्छू उठून बसायला गेला. टाके ताणले तसा परत टेकला.

"त्याले? त्याले आमच्या गावच्या देवाचं नाव तरी ठाऊक हाय का?"

"नाव मी सांगन त्याले."

"तू काऊन सांगशीन? मी मेलो का?" मग त्यानं साधनाकडे पाहिलं. "डॉक्टरबाई, बाजारापर्यंत सोडता तं सोडा. नाई तं हे नळी मी माह्या हातानं काढतो आन जातो."

लच्छूचा हात नळीकडे गेलाही होता. साधनानं तो धरला. बोलण्यात ती फारशी चपळ नव्हती. भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत वाढलेली, पुस्तकातली मुलगी. पण एवढं तिला कळत होतं, की हा माणूस धमकी देत नाही, बेत सांगतो आहे. नळी वेळेआधी ओढली आणि पोट फुगून सांधा उसवला, तर पुन्हा टेबलावर घ्यायला हा उरायचा नाही.

"मले परवापर्यंत द्या, बाबा," ती म्हणाली. "तवरी हात लावू नका."

प्रफुल सरांचं म्हणणं सरळ होतं. "पिशवी भरतेय, साधना. म्हणजे खालचा रस्ता बंद आहे आणि माल वर साचतोय. आतडं झोपलंय. पिशवी रिकामी राहील त्या दिवशी नळी काढू."

सर कोरपन्याकडचे, कापसाच्या घरातले. बोलणं मोजकं आणि हात सोन्याचा. त्यांचं चुकतंय असं साधनाला वाटलं नाही. पण पिशवीपाशी काहीतरी खटकत होतं. पहिले दोन दिवस पिशवीत हिरवं पाणी येत होतं. हिरवं म्हणजे पित्त, आतड्यातून उलटं वर आलेलं. आता येत होतं ते जवळजवळ पाण्यासारखं. तिनं लिटमसचा कागद बुडवला. तो क्षणात लालभडक झाला. हे साचलेलं नव्हतं, ताजं होतं. जठराचं स्वतःचं आम्ल. दुसरं असं की पिशवी दिवसभर सारखी भरत नव्हती. सकाळी कोरडी. दुपारी एकदम उतू. मग पुन्हा थेंब थेंब, आणि दिवस कलता कलता पुन्हा धार.

झोपलेलं आतडं घड्याळ कशाला पाहील?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुद्दाम लच्छूच्या खाटेशी स्टूल ओढून बसली. खिडकी उघडी होती. खिडकीबाहेर पेशंटच्या नातेवाइकांची चुलांगणाची शेड. तीन दगडांची चूल पेटली होती आणि लच्छूची बायको बुधरी तव्यावर सुकट भाजत होती. ओढ्यातली लहान मासळी, उन्हात वाळवलेली. मग तिनं त्यात लाल मिरची ठेचून टाकली आणि वरून चिंचेचा कोळ ओतला. चर्र आवाज झाला, वाफेचा लोट खिडकीतून आत शिरला. साधनानं सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. तिच्या जिभेखाली पाणी सुटलं, आणि भर वॉर्डात तिच्या पोटानं एवढ्या मोठ्यानं हाक मारली, की झिंगू टाळी वाजवून ओरडला,

"सरली! सरली!"

"माझं आहे ते," साधना म्हणाली.

सगळा वॉर्ड हसला, आणि त्या हसण्यातच तिची नजर पिशवीकडे गेली. नळीतून एकामागून एक स्वच्छ थेंब ओघळत होते.

ती उठून थेट शेडमध्ये गेली.

"बुधरीबाई, दुसऱ्या चुली मोकळ्या हायत. तुम्ही रोज याच खिडकीखाली काऊन स्वयंपाक करता?"

बुधरी ओशाळली. चोरी पकडली गेल्यासारखा तिनं पदर सावरला.

"थो उपाशी पडला हाय न बाई. तुम्ही त्याले खाऊ देत नाई. मी म्हणलं, नाकानं तरी जेवन. वास आला नाई तं घराची वाट भुलन थो."

म्हणजे रोज दोन वेळा ही बाई नवऱ्याला वासाचं ताट वाढत होती, आणि नवऱ्याचं पोट ते इमानदारीनं जेवत होतं. आणि आपण, साधनाच्या मनात आलं, त्याच इमानदारीला झोप समजत होतो.

"चुकलं का माहं?" बुधरीनं विचारलं.

"नाई. बहुत चांगलं केलं. पण आज दिवस कलल्यावर तुमची चूल तिकडं विहिरीपाशी लावा. एकच वेळ."

त्या संध्याकाळी वॉर्डात फक्त फिनेलचा वास होता. पिशवी कोरडी राहिली. लच्छू मात्र दाराकडे पाहून पाहून बेजार झाला. "बुधरी गावाले गेली का?" त्यानं झिंगूला विचारलं.

सकाळी साधनानं सरांना सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"एकदा पिशवी रिकामी राहिली म्हणजे पुरावा झाला नाही. पुन्हा तोच प्रयोग उलटा कर. माझ्यासमोर. नुसत्या वासानं, नुसत्या दिसण्यानं धार लागली तर मानतो, की हे साचलेलं नाही. मग नळी बंद करून पाहू."

झिंगूनं ऐकलं होतंच. "मॅडम, सुकटीनं पिशवी भरते तं कैरीनं बादली भरन," तो म्हणाला. "कैरी आना. नाव काढलं तं माह्याच तोंडाले पानी सुटून राह्यलं."

इथे साधनाची चूक झाली. पंडुमच्या आधी कैरी खात नाहीत हे तिला माहीत होतं. पण खायची थोडीच होती? दुखणं येण्याआधी लच्छू महिनाभर झाडांकडे पाहतच होता की. पवननं अहेरीहून एक हिरवीगार कैरी आणली. साधनानं ती लच्छूसमोर ताटलीत कापली, फोडींवर मीठ-तिखट भुरभुरलं आणि ताटली त्याच्या नाकापाशी धरली. लच्छू शांतपणे पाहत राहिला. पाहायला देवाची मनाई नव्हती.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग नळीत एक थेंब चमकला. मग दुसरा. मग थेंबांची माळ झाली. सर वाकून पाहत होते. साधनाला एवढा आनंद झाला की एरवी शब्द मोजून वापरणारी ती भडाभडा बोलायला लागली.

"पाहा बाबा! तुमच्या मेंदूपासून एक लांब नस निघते. मानेतून, छातीतून पोटापर्यंत जाते. डोळ्यानं कैरी पाह्यली, नाकानं वास घेतला, का मेंदू त्या नसेतून पोटाले निरोप धाडते. लग्नात वरात वेशीवर दिसली का आचारी चुलीत लाकूड सारते, तसं. घास तोंडात जायच्या आधीच पोट कामाले लागते. मग खरोखरचा घास पोटात पडला, का पोट ताणते आन आणखी पाणी सोडते. घास खाली उतरला का आतडं वर सांगते, आता पुरे. तुमची नस जागी हाय, बाबा! पोट जागं हाय!"

झिंगूनं टाळ्या वाजवल्या. लच्छूनं वाजवल्या नाहीत. तो पिशवीकडे टक लावून पाहत होता.

"म्हंजे," तो हळूच म्हणाला, "माह्या पोटानं आंबा खाले सुरुवात केली."

"तसं नाही, खाल्ला नाही, फक्त..."

"तुम्हीच सांगितलं, बाई. काम चालू झालं म्हणून. हे पाहा, पिशवीत हाय." त्यानं डोळे मिटले आणि ताटली हातानं दूर सारली. "पूजेच्या आधी भूमियाच्या पोटानं नवा आंबा घेतला. आता मी पूजा कशी करू? पवन, जा. नदीपलीकडच्याले सांग, तूच ये म्हणून."

सरांनी साधनाकडे पाहिलं, रागानं नव्हे, पण पाहिलं. पवन किल्ली हातात घेऊन उभा राहिला. जावं की थांबावं त्याला कळेना. दाराशी बुधरीनं लुगड्याचा काठ दातात धरला होता. सकाळपर्यंत नळी ओढून पळायला निघालेला माणूस आता म्हणत होता, राहू द्या नळी, मले घाई नाई.

साधना ताटली घेऊन व्हरांड्यात आली. कैरीचा वास तिचा पिच्छा सोडत नव्हता. तिला रडू येत होतं आणि तोंडाला पाणीही सुटत होतं. नसेला वेळकाळ कळत नाही, असं म्हणून ती स्वतःवरच चिडली. आणि तिथेच थबकली. वेळकाळ कळत नाही, पण मग नसेला कळतं तरी काय?

तिला बहिणीची तान्ही मुलगी आठवली. चिंच तोंडापुढे नाचवली तरी ती बोळकं पसरून नुसती हसे. पाणी कुठलं सुटणार, चिंच तिला माहीतच नव्हती. एकदा चाटवल्यावर मात्र चिंचेचा आकडा दिसला की लाळेचा पाट. आपण लच्छूला सांगितलं ते खरं होतं, पण अर्धं.

ती परत आत गेली.

"बाबा, डोळे उघडा. मी एक गोष्ट सांगायची राह्यली."

"अजून काय राह्यलं?"

"पोटाले या सालचा आंबा माहीतच नाई. त्यानं चाखला कुठं? ते जुन्या आंब्याची याद काढते. मागच्या सालचा, त्याच्या आधीच्या सालचा. जे कधी खाल्लं त्याचंच पाणी सुटते. जे कधी खाल्लं नाई, ते कितीबी चांगलं असो, नुसतं पाहून मेंदू निरोप धाडत नाई."

लच्छूनं एक डोळा उघडला. मागच्या सालच्या आंब्याची पूजा झालेली होती, आणि ती त्यानंच केली होती.

"हे तुम्ही मले बरं वाटावं म्हणून सांगता."

"नाई."

"मंग दाखवा. त्या पिशवीत दाखवा."

आता आली पंचाईत. लच्छूनं जन्मात खाल्लेलं नाही असं फळ या जंगलात आणायचं कुठून? तेंदू, चारोळी, बोर, जांभूळ, उंबर. साधनाहून जास्त फळं त्याला ठाऊक होती. केळ्या-सफरचंदाला तो बाजारात सरावलेला. तेवढ्यात प्रफुल सर बाहेर गेले आणि आले ते हातात एक गुलाबी, खवल्याखवल्यांचं फळ घेऊन. नागपूरहून आलेल्या कोणा पाहुण्यानं दिलेलं ड्रॅगन फ्रूट त्यांच्या फ्रिजमध्ये पडून होतं.

"हे काय? कोंबड्याचा तुरा?" लच्छूनं विचारलं.

"फळ आहे," सर म्हणाले. "महाग आहे."

"बाप्पा! असं बी फळ असते?" झिंगू मान वर करून म्हणाला.

साधनानं आधी कैरीचा वास जाईपर्यंत दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या, पिशवी बदलली, मग फळ कापलं. पांढऱ्या गरात काळे बारीक दाणे. लच्छूनं पाहिलं, हुंगलं. पवन, बुधरी, सर, झिंगू, पलीकडच्या खाटेवरचा ताप आलेला म्हातारा, सगळ्यांचे डोळे नळीवर. कैरीच्या वेळी जेवढं थांबले होते त्याहून जास्त थांबले. एखाददुसरा थेंब आला, रेंगाळला. पुढे काही नाही.

"पोट वळखत नाई याले," लच्छू म्हणाला.

"आता कैरी," साधना म्हणाली.

कैरीची ताटली परत आली, आणि लवकरच थेंबांची माळ लागली. लच्छूनं ती बराच वेळ न्याहाळली. मग तो बुधरीशी माडियात काहीतरी बोलला. बुधरीनं ठासून उत्तर दिलं, पवननं मध्ये एक शब्द टाकला, बुधरीनं पवनला गप्प केलं. साधनाला त्यातलं 'मरका' तेवढं कळलं. शेवटी लच्छूनं उशीवर डोकं टेकलं.

"मागच्या सालचा हाय," त्यानं निकाल दिला. "तवाचा आंबा गोडच होता. पोट इसरलं नाई."

पवननं किल्ली खिशात टाकली.

सरांनी नळीला चिमटा लावला. जे काही सुटेल ते आता पिशवीत न जाता खाली आतड्यात उतरायला हवं. बुधरीनं चूल पुन्हा खिडकीखाली आणली आणि त्या दुपारी सुकटीत मिरची जरा जास्तच ठेचली. लच्छूला मळमळ झाली नाही, पोट फुगलं नाही. साधनानं पोटावर स्टेथोस्कोप टेकवला. आत पावसाळी ओढ्यासारखी खळखळ चालली होती. ऊन उतरायच्या आत ती बहुप्रतीक्षित हवा सरली, आणि अशा दमदार आवाजात सरली, की झिंगूला कान लावायची गरज पडली नाही. सरांनी स्वतःच्या हातानं नळी काढली.

"साधना," जाता जाता ते म्हणाले, "पुढच्या पेशंटला शास्त्र सांगशील तेव्हा पूर्ण सांग."

आधी पेज, मग मऊ भात, असं करत बाजाराच्या आदल्या दिवशी लच्छूला घरी सोडलं. सोडताना साधनानं त्याला बजावलं, सांधा अजून कोवळा आहे. घास लहान घ्यायचा आणि तोंडात त्याचं पाणी होईपर्यंत चावायचा. कच्चं काही नाही.

"आन पंडुमची फोड?"

साधनानं विचार केला. "एक. पातळ. साल काढून. आन तीबी पाणी होईपर्यंत चावून."

"तुम्ही या पाहाले," लच्छू म्हणाला. "मंग तुम्हाले भरोसा येईन."

पंडुमच्या दिवशी ड्रेसिंगचं सामान पिशवीत घालून ती पवनच्या मागे बसून गेली. गावाबाहेर आंब्याच्या झाडाखाली सारवलेली जागा होती, मांडलेले दगड होते, आणि त्यांच्यापुढे कैऱ्यांची रास. लच्छू काठी टेकत आला. त्याचं पुटपुटणं साधनाला कळलं नाही, पण आवाज दवाखान्यातल्यापेक्षा दुप्पट मोठा होता. पूजा झाली. फोडी झाल्या. पळसाच्या पानांवर मिठासकट त्या हातोहात फिरल्या. लहान-मोठे सगळे आपापली फोड हातात धरून उभे राहिले. पहिली फोड भूमियानं गिळली, की मग सगळ्यांनी.

बुधरीनं त्याच्या हातावर साल काढलेली पातळ चकती ठेवली. लच्छूनं ती तोंडात टाकली आणि चावायला लागला.

त्याला दात होते चार-पाच, तेही समोरासमोर नव्हते. तो चावत राहिला. त्यानं साधनाकडे पाहून मान हलवली, विसरलो नाही अशा अर्थानं, आणि पुन्हा चावायला लागला. हातातल्या फोडींवरचं मीठ विरघळलं. पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. एका म्हाताऱ्यानं घोट गिळला, नुसता लाळेचा. साधनाच्याही हातात फोड होती, आणि तिच्या जिभेखाली तळं साचलं होतं. गिळा आता असं तिला ओरडावंसं वाटत होतं. पण ते तिला, त्याच्या डॉक्टरला, कसं शोभणार?

शेवटी बुधरीच कमरेवर हात ठेवून माडियात काहीतरी म्हणाली. सगळं गाव खदखदून हसलं.

"काय म्हणाल्या?" साधनानं पवनला विचारलं.

"म्हणते, पुढल्या पंडुमच्या आधी गिळशीन न?"

लच्छूनं गिळलं. मग औषध घेतलेलं लहान मूल दाखवतं तसं, तोंड उघडून त्यानं साधनाला आतून सगळं मोकळं असल्याचं दाखवलं, आणि ढोलावर टिपरी पडली.